काळ आला होता पण वेळ आली नव्हती, म्हणून फाइल बंद

७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ, मध्यरात्र व्हायला काही मिनिटं बाकी. टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेकडे जायच्या बाजूच्या रस्त्यावर, चार विमानं एकामागे एक टेकऑफची वाट बघत उभी आहेत, टाक्या भरलेल्या, आत माणसं. टोरंटोहून आलेलं एअर कॅनडाचं एअरबस ए३२० लँडिंगला येतंय आणि ते रनवे सोडून सरळ या रांगेच्या डोक्यावर उतरतंय. झालं होतं असं की दोन समांतर रनवेंपैकी एक त्या रात्री कामासाठी बंद होता, दिवे घालवलेले. पायलटांच्या डोक्यात नेहमीसारखे दोन रनवे, खाली दिव्यांच्या दोन ओळी दिसल्या, त्यातली उजवीकडची आपली असं त्यांनी धरलं, आणि उजवीकडची ओळ होती टॅक्सीवेची. रांगेतला एक पायलट रेडिओवर विचारतोय की हा कुठे चाललाय. विमान पुन्हा वर उचललं गेलं तेव्हा ते जमिनीपासून साधारण ६० फुटांवर होतं. म्हणजे सहा मजले.

रनवे बंद असल्याची सूचना पायलटांना दिलेली होती बरं का. २७ पानांच्या गठ्ठ्यात, ८ व्या पानावर.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. विमान गोल फिरून आलं, नीट उतरलं, लोक बॅगा घेऊन घरी गेले. आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान पुन्हा उडालं. त्या विमानातला कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर फक्त शेवटचे २ तास ठेवायचा, त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं की जुनं गेलं. कंपनीतल्या वरच्या लोकांना प्रकरण किती गंभीर आहे हे कळेपर्यंत त्या ६० फुटांच्या वेळी दोघं पायलट एकमेकांशी काय बोलले ते पुसलं गेलं होतं. अमेरिकेत वाहतुकीतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने चौकशी केली, चांगलीच केली, पण जो पुरावा सगळ्यात मोलाचा होता तोच हातात नव्हता. विमान आदळलं असतं तर गंमत बघा, रेकॉर्डर त्या क्षणी थांबला असता आणि सगळं जसंच्या तसं मिळालं असतं.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा तेच. अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागी बसवलेला पॅनल हवेत निघून गेला, विमान सुखरूप उतरलं, आणि रेकॉर्डिंग परत पुसलं गेलं. रेकॉर्डर २५ तासांचा करा असं एनटीएसबी आधीपासून सांगत होती, पण जिथे माणसं मेली नाहीत तिथला पुरावा जपायची घाई कोणालाच नसते ना.

आपल्याकडे अशा वेळी बोलायचं एक वाक्य तयार असतं, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. बातमीत हेच येतं, घरात हेच बोललं जातं, देवाचे आभार मानले जातात आणि विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की विषय खरं तर तिथे सुरू व्हायला पाहिजे. रेल्वे, जहाज, विमान, काहीही असो, ज्या घटनेत कोणी मेलं नाही पण मरायला फक्त नशीब आड आलं, तिची चौकशी मोठ्या अपघाताइतकीच सक्तीची पाहिजे, स्वतंत्र यंत्रणेकडून पाहिजे आणि तिचा रिपोर्ट सगळ्यांना वाचायला मिळाला पाहिजे. आज हे जगात बहुतेक ठिकाणी फक्त विमानांच्या बाबतीत, आणि तेही अर्धवट होतं.

हे मी उगाच म्हणत नाहीये, नियमातच आहे. विमानांसाठी शिकागो कराराचं (हा आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा करार) अ‍ॅनेक्स १३, म्हणजे तेरावं परिशिष्ट आहे, त्यात अपघात वेगळा आणि 'गंभीर घटना' वेगळी अशी व्याख्या आहे, आणि २,२५० किलोपेक्षा जड विमानाची गंभीर घटना असेल तर ती जिथे घडली त्या देशाने चौकशी लावायलाच पाहिजे, मग मेलेले शून्य का असेनात. आता रेल्वे बघा. युरोपियन युनियनचा नियम त्यातल्या त्यात चांगला समजला जातो, त्यात सक्तीची चौकशी कधी, तर टक्कर किंवा घसरण होऊन निदान एक माणूस मेला, किंवा पाच गंभीर जखमी झाले, किंवा २० लाख युरोचं नुकसान झालं तर. त्याखालचं सगळं ऐच्छिक, यंत्रणेला वाटलं तर. समुद्राचं तर विचारूच नका. आयएमओ, म्हणजे जहाज वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या कोडप्रमाणे सक्ती फक्त 'अतिगंभीर' दुर्घटनेला, म्हणजे जहाज बुडालं, माणूस मेला किंवा पर्यावरणाचं मोठं नुकसान झालं तर. म्हणजे हिशोब मृतदेहांवरून. धोका किती होता हे कोणी मोजत नाही, मोजतात ते किती वाईट झालं ते.

आता कोणी म्हणेल, अरे पण मोठ्या अपघाताची चौकशी झाली तर तेच शिकायला मिळतं की. नाही मिळत वेळेवर, एवढंच. बैल गेला नि झोपा केला. आणि बहुतेक मोठ्या अपघातांचे रिपोर्ट वाचलेत ना (मला ते वाचायची वाईट सवय आहे) तर मधल्या प्रकरणांत कुठेतरी एक परिच्छेद हमखास सापडतो, की याआधी असंच एकदा झालं होतं, तेव्हा कोणी दगावलं नव्हतं.

बालासोर घ्या. २ जून २०२३, बहानगा बाजार स्टेशन, कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला, पण पॉइंट, म्हणजे रूळ बदलणारा सांधा, बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला होता आणि लूपवर मालगाडी उभी होती. गाडी ताशी १२० च्या पुढच्या स्पीडने त्यात घुसली, २९० पेक्षा जास्त माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं काय, तर लेव्हल क्रॉसिंगच्या लोकेशन बॉक्समधल्या वायरींवरची लेबलं चुकीची होती आणि कित्येक वर्षं तशीच होती, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि फाटकाचा बॅरियर बदलायच्या कामात त्यावरून जोडणी चुकली. एक लोखंडी पेटी, आत वायरींचा गुंता, प्रत्येकीला एक छोटं लेबल, आणि ते लेबल खोटं बोलतंय. पण रिपोर्टमधली मला जास्त लागलेली गोष्ट पुढे आहे. त्याच खडगपूर डिव्हिजनमध्ये बांकरा नयाबाज स्टेशनवर १६ मे २०२२ ला चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता. तेव्हा नीट उपाय केले असते तर बहानगा बाजार झालं नसतं, असं आयुक्तांनी स्पष्ट लिहिलंय. आणि बालासोरच्या चारच महिने आधी म्हैसूर डिव्हिजनमध्ये एका एक्सप्रेसला सिग्नल एकीकडचा आणि पॉइंट दुसरीकडचा असा प्रकार झाला होता, लोको पायलटने वेळेत गाडी थांबवली म्हणून वाचली. त्यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्र लिहून इशारा दिला होता की सिस्टिममध्येच गंभीर दोष आहे, हे पुन्हा होईल. पत्र गेलं, पोचलं, असेल कुठल्यातरी फाइलीत.

लेबलावरून आठवलं, बाल्टिमोर. २६ मार्च २०२४, 'डाली' नावाचं जवळपास ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज बंदरातून निघालं, लाइट गेली, परत आली, परत गेली, आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबाला जाऊन लागलं. पूल कोसळला, पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे ६ कामगार मेले. एनटीएसबीने महिनोन्‌महिने जहाजातली वायर न् वायर तपासली तेव्हा सापडली एक सिग्नल वायर, जिच्यावरची लेबलाची पट्टी इतकी पुढे सरकवून बसवलेली की वायरचं टोक टर्मिनलमध्ये पूर्ण आत जातच नव्हतं. नुसतं टेकून होतं. तिथे एका खोट्या लेबलाने गाडी वळवली, इथे खऱ्या लेबलाने पण चुकीच्या जागी बसून जहाज आंधळं केलं. (लेबलांवर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहायला पाहिजे खरं म्हणजे.)

आणि इथेही तो परिच्छेद आहेच. आदल्या दिवशी बंदरात उभं असतानाच डालीची लाइट दोनदा गेली होती. त्या दोन वेळची कारणं वेगळी निघाली, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पण ज्या जहाजाची लाइट काल दोनदा गेली ते आज पुलाखालून निघालंय हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. अजून मागे जा. याच पुलाला १९८० मध्ये 'ब्लू नागोया' नावाचं एक जहाज धडकलं होतं. ते लहान होतं, डालीच्या मानाने फारच लहान, पुलाला किरकोळ इजा झाली, दुरुस्ती झाली, संपलं. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या सनशाइन स्कायवे पुलाला जहाज धडकून पूल पडला आणि ३५ माणसं मेली, त्यानंतर अमेरिकेत नवे पूल बांधताना जहाजाच्या धडकेचा विचार कसा करायचा याचे नियम आले. एकच वर्ष, एकच प्रकार. एकातून नियम आला, दुसऱ्याची आठवण ४४ वर्षांनी निघाली. तेव्हाच कोणी बसून विचारलं असतं की बाबा जहाजं मोठी होत चाललीयत, पुढचं धडकणारं याच्या दहापट असेल तर या खांबाचं काय, तर उत्तर काढायला फार अवघड गणित लागलं नसतं.

पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. पण त्यासाठी पुढच्याला ठेच लागल्याचं मागच्याला कळायला तर पाहिजे. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूएचं ५१४ नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. कंट्रोलरने अप्रोचची परवानगी दिली, पायलटांना वाटलं आता खाली यायला हरकत नाही, कंट्रोलरला वाटलं की डोंगर ओलांडेपर्यंत उंची राखायची हे त्यांना माहीतच असणार. दोघंही आपापल्या समजुतीप्रमाणे बरोबर. आणि सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीच्या, युनायटेडच्या विमानाची त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचायची वेळ आली होती. युनायटेडने आपल्या पायलटांसाठी नाव गुप्त ठेवून रिपोर्ट करायची सोय केलेली होती, पायलटने रिपोर्ट केला, कंपनीने आपल्या सगळ्या पायलटांना सावध केलं. आपल्या. म्हणजे पुढच्याला ठेच लागली, पण मागचा दुसऱ्या कंपनीचा होता.

यातूनच १९७६ मध्ये अमेरिकेत एएसआरएस, म्हणजे विमानातल्या चुका आणि धोके कळवायची सोय, सुरू झालं, आणि त्यातली डोकॅलिटी मला फार आवडते. रिपोर्ट जातो नासाकडे. नासा लायसन्स देत नाही, काढून घेत नाही, दंड करत नाही, त्यामुळे तिला सांगायला भीती नाही. नावाचा भाग कापून रिपोर्ट करणाऱ्यालाच परत पाठवतात. आणि १० दिवसांच्या आत स्वतःहून कळवलं असेल, चूक मुद्दाम केलेली नसेल तर शिक्षेतून सूट. गुन्हा असेल किंवा खराखुरा अपघात झाला असेल तर मात्र ही सूट नाही. किती साधी गोष्ट आहे, आणि तरी ती सुचायला ९२ माणसं जावी लागली.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, रिपोर्टिंगचं अ‍ॅप काढा, सगळीकडे लावा, प्रश्न सुटला. नाही हो. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर हवेत धडकलं, ६७ जण मेले. चौकशीत एनटीएसबीने आधीचा डेटा काढला. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ एवढ्या काळात तिथे प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायक अंतरापर्यंत जवळ आल्याच्या १५,२१४ घटना होत्या, त्यातल्या ८५ मध्ये आडवं अंतर १,५०० फुटांपेक्षा कमी आणि उभं अंतर २०० फुटांपेक्षा कमी. ८५! हा डेटा कोणी लपवला नव्हता, सिस्टिममध्ये पडून होता, फक्त त्यात बघायचं काम कोणाच्या टेबलावर नव्हतं. रिपोर्ट गोळा करणं वेगळं आणि चौकशी करणं वेगळं, हे माझ्या मते या सगळ्या चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळलेलं प्रकरण आहे. डबा ठेवला की लोक चिठ्ठ्या टाकतात, पण चिठ्ठी वाचून त्या जागी जाऊन उभं राहणारा माणूस पाहिजे, त्याला कोणालाही बोलवायचा, काहीही ताब्यात घ्यायचा कायदेशीर अधिकार पाहिजे.

रेल्वेत याचं सगळ्यात कडू उदाहरण म्हणजे लंडनचं लॅडब्रोक ग्रोव्ह. ५ ऑक्टोबर १९९९, सकाळची वेळ, एका लोकलने लाल सिग्नल पार केला आणि समोरून येणाऱ्या एक्सप्रेसवर आदळली, ३१ मृत्यू. सिग्नलचा नंबर एसएन १०९. हा सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना पार केला गेला होता. रेल्वेत याला स्पॅड म्हणतात आणि स्पॅड झाला की पहिला प्रश्न ठरलेला, ड्रायव्हरचं लक्ष कुठे होतं. पण आठ वेळा? एकाच खांबाजवळ? मग लक्ष ड्रायव्हरचं नाही, खांबाचं काहीतरी चुकलंय ना. सिग्नल दिसायलाच अवघड होता, मध्ये स्ट्रक्चर येत होतं, सकाळचं ऊन समोरून. आणि त्या दिवशीचा ड्रायव्हर ड्रायव्हर होऊन १३ दिवस झाले होते, हा सिग्नल असा कुप्रसिद्ध आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या चौकशीतून ब्रिटनमध्ये रेल्वे अपघातांची स्वतंत्र चौकशी यंत्रणा उभी राहिली, २००५ मध्ये तिचं काम सुरू झालं. आज तिचे रिपोर्ट बघा, त्यात कोणीही मेलेलं नाही अशा घटनांवरचे भरपूर असतात, रुळांवर काम करणारी गँग ट्रेनच्या दोन सेकंद आधी बाजूला झाली असल्या गोष्टींवर पन्नास-पन्नास पानं. हे मला योग्य वाटतं.

आता भीतीचा मुद्दा, त्याशिवाय हे पूर्ण होत नाही. २५ एप्रिल २००५, जपानमधलं आमागासाकी. २३ वर्षांचा ड्रायव्हर. आधीच्या इतामी स्टेशनवर गाडी ७२ मीटर पुढे गेली, मागे घेतली, त्यात दीडेक मिनिट उशीर झाला. जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीत चूक झाली की 'निक्किन क्योइकु' व्हायचं, नाव शिक्षणाचं पण स्वरूप शिक्षेचं, दिवसेंदिवस बसून पश्चात्तापाचे निबंध लिहायचे, अपमान सोसायचा. या पोराने ते आधी भोगलेलं होतं. गाडी पुढे गेल्याचं अंतर कमी करून सांग अशी त्याने गार्डला विनंती केली, गार्डने कंट्रोलला ७२ च्या जागी ८ मीटर सांगितलं, आणि हे रेडिओवरचं बोलणं ड्रायव्हर बहुधा कान देऊन ऐकत होता, ब्रेक लावायचा राहिला, ७० च्या वळणावर गाडी ११६ ने गेली. ड्रायव्हर धरून १०७ मृत्यू. मला हे वाचताना दरवेळी तो डबा डोळ्यासमोर येतो, एक मुलगा, हातात ब्रेकचा हँडल, आणि सगळं लक्ष कानात, की गार्डने आठ सांगितलं की बहात्तर. ७२ मीटर पुढे जाणं ही कोणीही न मेलेली घटना होती. ती मोकळेपणाने सांगता आली असती तर?

यावर ठरलेला आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांना विचारा, म्हणतात, शिक्षा नको, नाव नको, फक्त शिकायचं, हे ऐकून त्यांना काय वाटेल. बरोबर आहे. म्हणून तर मी म्हणतोय की हे काम माणूस जायच्या आधी करा, जिथे रडायला कोणी नाही तिथे शिक्षेचा हट्टही नसतो, लोक बोलतात. आणि जिथे माणसं गेली तिथे पोलिसांनी, कोर्टाने त्यांचं काम करावं, ज्याने मुद्दाम किंवा बेपर्वाईने केलं त्याला सोडा असं कोणीच म्हणत नाहीये. फक्त दोन्ही कामं एकाच माणसाकडे, एकाच कागदावर नकोत. सुरक्षेच्या चौकशीत दिलेला जबाब उद्या आपल्याविरुद्ध वापरला जाणार हे कळलं की टेक्निशियन वकील घेऊन येतो, आणि वकील पहिला सल्ला देतो तो गप्प बसायचा.

अहमदाबादच्या वेळी काय झालं बघा ना. १२ जून २०२५ ला विमान पडलं, २६० माणसं गेली, एका महिन्यात प्राथमिक अहवाल आला. त्यात कॉकपिटमधल्या बोलण्याबद्दल जेमतेम दोन वाक्यं होती, इंधनाचे स्विच बंद का केलेस असं एकाने विचारलं, दुसरा म्हणाला मी नाही केले. बास. त्या रात्रीत घराघरात निकाल लागला, कोणी केलं, का केलं, त्याच्या घरी काय चाललं होतं इथपर्यंत. त्याच अहवालात हेही होतं की अशा स्विचचं लॉक निसटलेलं सापडल्यावरून एफएए या अमेरिकन विमान वाहतूक नियामकाने २०१८ मध्ये पत्रक काढलं होतं, ते सक्तीचं नव्हतं, म्हणून ती तपासणी केलेली नव्हती. या लॉकमुळे अपघात झाला असं अहवाल म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण सल्ल्याचं पत्रक आणि सक्तीची सूचना यांच्यात नेमकं काय फरक असतो, कोण ठरवतं, यावर चर्चा किती झाली? शून्य, कारण त्यात गोष्ट नाही, माणूस नाही, शिव्या द्यायला तोंड नाही.

स्वतंत्रपणाचंही तेच. आमागासाकीच्या चौकशीतल्या एका सदस्याने अहवालाचा मसुदा आधीच रेल्वे कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षाला दाखवला होता, २००९ मध्ये हे बाहेर आलं, पुढे पडताळणी झाली, त्याने निष्कर्ष बदलले नाहीत असं निघालं, पण ज्यांची माणसं गेली त्यांनी त्यावर विश्वास कसा ठेवायचा. भारतात रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत, ही जुनी आणि शहाणपणाची व्यवस्था आहे. पण अहवाल वाचायला मिळणं ही वेगळी गोष्ट, बालासोरबद्दल सरकारने जे अधिकृतपणे सांगितलं ते राज्यसभेतल्या लेखी उत्तरातून, तेही थोडक्यात. टेबलावर न येणारा अहवाल पुढच्या स्टेशनवरच्या टेक्निशियनला काय शिकवणार.

समुद्रावर अजून कठीण, कारण जहाज मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्या, झेंडा, म्हणजे नोंदणी, पनामा किंवा लायबेरियाचा, आणि चौकशीची पहिली जबाबदारी झेंड्याच्या देशाची. समुद्राच्या मध्यावर दोन जहाजं पन्नास मीटरवरून गेली तर ते फक्त त्या दोन जहाजांच्या ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात त्या केबिनमधल्या) लोकांना माहीत, आणि दोघांनाही न बोलण्यात फायदा. 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' नावाची फेरी बोट १९८७ मध्ये बेल्जियममधल्या झेब्रुगच्या बंदराबाहेर पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली, १९३ मृत्यू. त्याच कंपनीची दुसरी बोट १९८३ मध्ये अशीच दरवाजे उघडे ठेवून निघाली होती, सुदैवाने काही झालं नाही. कॅप्टन लोकांनी ऑफिसला लिहिलं होतं की ब्रिजवर एक दिवा द्या, दरवाजा बंद झाला की नाही ते दाखवणारा. ऑफिसने थट्टा केली, दरवाजा बंद करायला आपण माणूस ठेवलाय की. एक दिवा हो! १९३ नंतर तो सक्तीचा झाला.

पैशाचं म्हणाल तर मान्य, प्रत्येक करकचून लागलेल्या ब्रेकमागे टीम पाठवता येणार नाही. माझी कसोटी साधी आहे. घटनेत शेवटी वाचवलं कोणी? यंत्रणेने वाचवलं असेल, म्हणजे ऑटोमॅटिक ब्रेक लागला, अलार्म वाजला, तर नोंद करा, पुढे जा. पण वाचवणारा एकटा माणूस असेल, ज्याने तेवढ्यात मान वर केली, किंवा नुसतं नशीब असेल, तर चौकशी उघडा, रेकॉर्डर त्याच तासाला ताब्यात घ्या. एवढ्यानेही यादी आटोक्यात राहील.

१२ डिसेंबर १९८८, लंडनचं क्लॅपहॅम जंक्शन. रीवायरिंग करताना एका टेक्निशियनने जुनी वायर एका टोकाने सोडवली, दुसरं टोक तसंच ठेवलं, उघडं टोक कापलं नाही, नुसतं बाजूला वाकवलं. तो १३ आठवड्यांत एक दिवस सुट्टी घेतलेला माणूस होता. दोन आठवड्यांनी शेजारचं दुसरं काम करताना धक्का लागला, ती वायर परत आपल्या जुन्या जागी टेकली, आणि पुढे गाडी उभी असतानाही मागचा सिग्नल लाल होईना. त्या विभागात वायरिंगमुळे सिग्नल चुकल्याचे प्रकार त्याआधीही झाले होते, कोणी मेलं नव्हतं. सकाळी आठ वाजता बेसिंगस्टोकहून आलेल्या लोकलच्या ड्रायव्हरच्या समोर हिरवा सिग्नल अचानक लाल झाला, थांबायला जागाच नव्हती, गाडी पार गेली. त्याने नियमाप्रमाणे जे करायचं ते केलं, पुढच्या सिग्नलपाशी गाडी उभी केली, खाली उतरला, रुळांशेजारच्या फोनवरून सिग्नल बॉक्सला कळवलं की मागचा सिग्नल काहीतरी गडबड करतोय. बॉक्समधून उत्तर आलं की इथून तर काही बिघाड दिसत नाही. त्याने फोन ठेवला, आणि मागून पूल नावाच्या गावाहून निघालेली गाडी आली.